नोकरी लागण्याआधीचा निरोपसमारंभ

मी फक्त एक पासपोर्ट साइज फोटो काढायला गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यानंतर जे काही झालं त्यावरून माझ्याविषयी भलतेसलते समज पसरले आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्या सासुरवाडीकडून पसरले आहेत.

मी अनिमेष मुळे. नेवाशाजवळच्या एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे आणि हरवलेले पाने यांचा मी मालक (हरवलेल्या पान्यांचा तर एकटाच). बायको यामिनी बँकेत आहे. हुशारी सगळी तिच्याकडे गेली आणि माझ्या वाट्याला चांगला स्वभाव आला, असं तीच म्हणते. हुशार माणूस म्हणतो म्हणजे खरंच असणार, म्हणून मी कधी वाद घालत नाही.

तर यामिनीला प्रमोशनचं पत्र आलं. नेमणूक कोइंबतूरला. हो किंवा नाही कळवायला पंधरा दिवसांची मुदत.

तीन वर्षांपूर्वीही तिला असंच प्रमोशन आलं होतं, भुवनेश्वरचं. तेव्हा मी 'बघू', 'बघतो' आणि 'बघूया' एवढ्या तीन शब्दांवर तीन आठवडे काढले. तिकडे मला नोकरी काही मिळाली नाही आणि तिने गुपचूप बँकेला नकार कळवून टाकला. त्यावरून ती मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. (बोलली असती तर बरं झालं असतं. न बोललेल्या गोष्टी आमच्या घरात फ्रीजमध्ये ठेवल्यासारख्या ताज्या राहतात.)

"या वेळीही नाही म्हटलं, तर पुढची बरीच वर्षं माझं नाव कुणी काढणार नाही," ती पत्राची घडी घालत म्हणाली.

"मग हो म्हण ना."

"तुझं काय? तिकडे तू दिवसभर घरी बसणार आणि दर अर्ध्या तासाने मला फोन करून मीठ कुठे आहे ते विचारणार. आधी तुला तिकडे नोकरी मिळू दे. मिळाली तर हो कळवते. नाही मिळाली तर राहिलं."

'राहिलं' हा शब्द तिने इतक्या सहज म्हटला की मला भुवनेश्वर आठवलं. मी त्याच क्षणी ठरवलं, की या वेळी 'बघू' म्हणायचं नाही. या वेळी खरोखर बघायचं.

आठ दिवसांत मी एकेचाळीस अर्ज केले. नोकरीच्या वेबसाइटवर 'येणाऱ्या भाषा' या रकान्यात तमिळसमोर 'प्राथमिक' अशी खूण केली, कारण मला 'वणक्कम' येतं आणि सांबार येतं. एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी उत्तरच दिलं नाही. एकाने मला इन्शुरन्स विकायचा प्रयत्न केला. एका मसाल्याच्या कंपनीने विचारलं, की तुम्ही कोइंबतूरमध्ये कुठे राहता, आणि मी 'नेवासा' म्हटल्यावर त्यांनी तो भाग नवीन वसलाय का, अशी चौकशी केली. आणि एका पंप बनवणाऱ्या कंपनीने चक्क बोलावलं! स्टोअरमध्ये जागा होती. शनिवारी दुपारी चार वाजता मोबाईलवर व्हिडिओ इंटरव्ह्यू. त्याआधी सुधारित बायोडेटा आणि एक फॉर्मल फोटो पाठवावा, असं मेलमध्ये लिहिलं होतं.

"कुणाला काही सांगू नकोस," यामिनीने बजावलं.

"छे! मी कशाला सांगू?" असं म्हणून मी फोटो काढायला कोंडीरामकडे गेलो.

कोंडीरामचं एसटी स्टँडजवळ डिजिटल फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, निवड, फेरनिवड, दहावा, पहिलं पुण्यस्मरण, तालुक्यात माणसाच्या आयुष्यात जे काही घडतं ते आधी कोंडीरामच्या कॉम्प्युटरवर घडतं आणि मग चौकात लागतं. तो फोटोवर कोट चढवूनही देतो. कोट एकच, निळा. तालुक्यातल्या यच्चयावत भावी सरपंचांनी तो घातलेला आहे. मी खुर्चीत बसलो, त्याने फोटो काढला आणि माऊसने मला कोटात बसवू लागला.

"कशाला पायजे फोटू, भाऊसाहेब?" (कारखान्यात टेबल असलेला प्रत्येक जण आमच्याकडे भाऊसाहेब असतो. त्याला मर्दुमकी लागत नाही, टेबल लागतं.)

"असंच. एका कंपनीला द्यायचाय."

"कोन्च्या?"

"आहे एक. कोइंबतूरची."

माऊस थांबला. "कोईमतूर? मोटारीवाली कंपनी? तिथं लागली व्हय तुमाला?"

"अरे, अजून काही नाही. नुसतं चाललंय. पण कोंडीराम, हे कुणाला बोलू नकोस हं."

इथेच माझं चुकलं. हे मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात जे झालेलं नसतं ते लोक ओरडून सांगतात. भावी सरपंच, भावी सभापती, भावी आमदार असे फ्लेक्स बारा महिने झळकत असतात, आणि त्यातलं पुढे काही होत नाही. लपवायचं ते फक्त पक्कं झालेलं. म्हणजे पोराची सोयरीक, जागेचा व्यवहार, बदली. एखादा माणूस 'अजून काही नाही, कुणाला बोलू नकोस' म्हणाला, की समजायचं, सह्या झाल्या! कोंडीरामने माझ्याकडे पाहून सावकाश डोळा मिचकावला. मला वाटलं, त्याच्या डोळ्यात काही गेलं असेल.

शुक्रवारी सकाळी स्कूटरवरून कारखान्याला निघालो तर चौकात मी उभा होतो.

दहा फूट बाय पंधरा फूट. निळा कोट, मागे उगवता सूर्य, आणि सूर्याशेजारी एक पाण्याची मोटार, तिच्यातून धबधबा पडतोय. वर लिहिलं होतं : 'अभिनंदन! अभिनंदन!! त्रिवार अभिनंदन!!! आपल्या तालुक्याचे भूमिपुत्र मा. श्री. अनिमेषभाऊ मुळे यांची कोईमतूर (तमिळनाडू) येथे मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो. त्यातल्या सहा जणांना मी ओळखत होतो. तिघांनी गॉगल लावले होते. एक जण फोनवर बोलत होता (बहुधा मला अभिनंदन करायला फोन लावत असावा).

मी स्कूटर तशीच कोंडीरामच्या दारात आडवी घातली.

"कोंडीराम! ते आधी खाली काढ!"

"का? फोटू काळा आलाय का?"

"अरे, मला नोकरी लागलेली नाही! उद्या इंटरव्ह्यू आहे. नुसता इंटरव्ह्यू!"

कोंडीराम कौतुकाने मान हलवू लागला. "ह्येच, भाऊसाहेब, ह्येच आवडतं आपल्याला तुमचं. येवडी मोठी पोस्ट मिळाली, पन पाय जिमिनीवर."

"पोस्ट मिळालेली नाही!"

"बगा! परत त्येच!" तो दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना म्हणाला. त्यांनीही माना डोलावल्या. "आन भाऊसाहेब, लावल्याला फ्लेक्स एका दिसात उतरवत न्हाईत. लोकांला वाटल, मानसाचं काय बरंवाईट झालं. लई फोन येतेत मग."

त्याचंही खरं होतं. चौकातल्या त्याच सांगाड्यावर परवापर्यंत एका भल्या गृहस्थांचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता, आणि त्यांच्याही अंगात हाच निळा कोट होता.

कारखान्यात पोहोचेपर्यंत मला सतरा जणांनी अडवलं. आमच्या गल्लीतल्या गीताबाईंनी तर रस्त्यातच ओवाळलं. ताट घेऊनच उभ्या होत्या. "तिकडं भात खात्यात म्हनं तिन्ही टायमाला. बाजरीचं पीठ न्या बरं का सोबत, पाच किलो दळून ठिवते," म्हणाल्या. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. त्या म्हणाल्या, बरं मग सात किलो दळते.

माझे साहेब विष्णुपंत माझीच वाट पाहत होते. विष्णुपंत म्हणजे आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. कारखान्यातला कुणी रिटायर झाला, बदलून गेला किंवा नुसता लांबच्या रजेवर निघाला, की त्यांचा चेहरा उजळतो, कारण त्यांना भाषण करायला मिळतं. गेले सात महिने कुणीच कुठे गेलं नव्हतं. त्यांची तब्येत उतरली होती.

"या मुळे, या! उद्या शनिवारी तीन वाजता तुमचा निरोपसमारंभ ठेवलाय. सोमवारपासून मी नाशिकला मुलीकडे जातोय, त्यामुळे उद्याच उरकायला हवा."

"साहेब, पण मी राजीनामाच दिलेला नाही."

"द्या की सावकाश. राजीनाम्याचं काय, तो केव्हाही देता येतो. लोकांची सवड मात्र एकदा गेली की गेली."

"पण साहेब, नोकरी—"

"भावना मी समजू शकतो," विष्णुपंत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. त्यांचा आवाज आत्ताच भाषणाचा झाला होता. "तुमच्या टेबलाची काळजी करू नका. तिथे आपल्या दिवटेला बसवलंय." मी वळून पाहिलं. दिवटे माझ्या खुर्चीत बसून, माझा कप धुऊन, त्यात चहा पीत होता. माझ्याकडे बघून तो इतक्या प्रेमाने हसला की मला त्याला उठ म्हणवेना.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा यामिनीने फ्लेक्स पाहिलेला होता. ती सोफ्यावर शांत बसली होती.

"तू फोटो काढायला गेला होतास ना?"

"हो."

"पासपोर्ट साइज?"

"हो."

"मग तो दहा बाय पंधरा फूट कसा झाला?"

मी सगळं सांगितलं. कोंडीराम, पाय जिमिनीवर, बाजरीचं पीठ, दिवटे. ती ऐकत होती आणि तिचे ओठ विचित्र हलत होते. मला वाटलं रडतेय. मी धावत पाणी आणलं तेव्हा कळलं, की ती हसू दाबतेय, आणि मग ते तिला दाबता येईना. आमची नऊ वर्षांची संस्कृती आतून आली आणि काय झालं ते न विचारताच हसायला लागली. मीही हसलो. हसता हसता मला जाणवलं, की मला आता एक नोकरी मिळवायची होती आणि एक घालवून बसलो होतो, आणि मंगळवारी यामिनीची मुदत संपत होती.

"कार्यक्रम तीनला ना?" यामिनी डोळे पुसत म्हणाली. "साडेतीनला संपेल. पावणेचारला तू घरी. चारला इंटरव्ह्यू. होईल."

ती बँकेत असते. तिथे वेळेवर शटर खाली येतं. विष्णुपंतांना शटर नाही.

शनिवारी तीनचा कार्यक्रम साडेतीनला सुरू झाला. स्टोअरच्या दारातच मांडव घातला होता. मला गुलाबी फेटा बांधला, तो इतका घट्ट की माझे कान आडवे झाले आणि भुवया कायमच्या आश्चर्यात गेल्या. मग सत्कार. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ, अशा अकरा शाली झाल्या. मे महिन्याच्या उन्हात अकरा शाली पांघरून बसल्यावर माणूस आपोआप भावुक दिसतो. लोक एकमेकांना म्हणत होते, "भाऊसाहेबांचा गळा दाटून आलाय." गळा दाटला नव्हता, दाबला गेला होता.

पावणेचारला विष्णुपंतांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मी फार वेळ घेणार नाही. मुळे यांचं कार्य समजून घ्यायचं तर आपल्याला कारखान्याच्या स्थापनेपर्यंत मागे जावं लागेल."

पहिल्या रांगेतून यामिनी मला मनगटावर बोट आपटून दाखवत होती. तीन पंचावन्नला विष्णुपंत कारखान्याच्या पायाभरणीपर्यंत आले होते. माझा जन्म व्हायला अजून बारा वर्षं होती. तीन अठ्ठावन्नला मी करंगळी वर केली आणि सभ्यपणे व्यासपीठावरून खाली उतरून थेट स्टोअरमध्ये घुसलो. बेअरिंगच्या खोक्यांमागे मोबाईल टेकवला आणि लिंक दाबली.

पडद्यावर दोघं दिसली. एक चष्मेवाले, गंभीर, षण्मुगम साहेब. त्यांच्या बाजूला एचआरच्या मॅडम. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मी ते मराठीत देतो, तेवढीच माझी अब्रू वाचेल.

"गुड आफ्टरनून," षण्मुगम साहेब म्हणाले आणि माझ्या फेट्याकडे पाहत राहिले. "तुमचं आज लग्न आहे का?"

"नाही सर. ते झालंय. पूर्वीच."

"मग हे डोक्यावर?"

"माझा निरोपसमारंभ चालू आहे सर."

"म्हणजे तुम्ही सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिलात?"

"नाही सर."

"मग निरोप का देतायत?"

"मला दुसरी नोकरी लागली म्हणून."

"अच्छा! कुठे?"

"तुमच्या कंपनीत, सर."

षण्मुगम साहेबांनी चष्मा काढला, मॅडमकडे पाहिलं, चष्मा परत लावला. "मिस्टर मुळे, आम्ही तुमची निवड केलेली नाही. आम्ही आत्ता पहिला प्रश्न विचारणार होतो."

"मला माहीत आहे सर. पण इकडे कुणालाच माहीत नाही."

एवढ्यात बाहेरून माईकवर कोंडीरामचा आवाज आला (सूत्रसंचालन त्याच्याकडेच होतं), "भाऊसाहेब कुठं गेले? भाऊसाहेब असतील तिथून व्यासपीठावर यावं!" आणि पाठोपाठ माईकसकट कोंडीरामच आत आला. त्याने मोबाईल पाहिला. मोबाईलमधली दोन माणसं पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"मंडळी!" तो तिथूनच माईकवर गरजला. "अत्यंत आनंदाची गोष्ट हाय! खुद्द कोईमतूरचे साहेब आपल्या कार्यक्रमाला ऑनलाईन उपस्थित झाल्येत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्याने मोबाईल उचलून नेला आणि व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत ठेवला. षण्मुगम साहेब खुर्चीच्या पाठीला टेकून बसले, समोर अडीचशे माणसं. विष्णुपंत थोडे खट्टू झाले, कारण ते आता गळीत हंगामाच्या पहिल्या दिवसावर आले होते. पण पाहुण्याचा मान त्यांनाही कळतो. त्यांनी बारावी शाल उलगडून षण्मुगम साहेबांच्या अंगावर, म्हणजे मोबाईलवर, पांघरली.

"हॅलो? हॅलो? अंधार झालाय," शालीतून आवाज आला.

शाल काढली तर समोर नारळ धरला. मॅडम हसत असल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यांना गंधसुद्धा लावलं, स्क्रीनवर. षण्मुगम साहेबांच्या डाव्या गालावर ते शेवटपर्यंत राहिलं.

इथवरही ठीक होतं. पण मागच्या रांगेतून बिभीषण उभा राहिला. बिभीषण आमच्याच गल्लीतला, गीताबाईंचा थोरला, शेती करतो. "साहेब तुमीच मोटार बनवता ना? मंग माजं ऐका. दोन डाव जळली. गेल्या साली जळली, औंदा जळली. इकडं दुकानदार म्हनतो कंपनीला इचार, कंपनीचा फोन कुनी उचलत न्हाई!"

"माजी बी!" दुसरा उठला.

"माजी तर बसवली त्याच दिशी आवाज कराया लागली!"

बघता बघता निरोपसमारंभाची तक्रार बैठक झाली. मोबाईलभोवती पंचवीस-तीस शेतकरी जमले. षण्मुगम साहेब घाबरून विचारत होते, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" मी अकरा शालींच्या आतून भाषांतर केलं : "मोटर. फायर. टू टाइम्स, सर." यापुढे माझं इंग्रजी जाईना.

तेव्हा यामिनी व्यासपीठावर आली. तिने कोंडीरामच्या हातातून माईक घेतला, सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि एकेकाची तक्रार ऐकून स्वच्छ इंग्रजीत साहेबांना सांगितली. कुठलं मॉडेल, किती खोल विहीर, विजेचा दाब कमी-जास्त होतो का, सगळं. मी प्रत्येकाचं नाव, गाव आणि गट नंबर सांगत गेलो, कारण ते मला पाठ होते. वीस मिनिटांत तेवीस तक्रारी झाल्या. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मोठ्या साहेबांशी बोलते तेव्हा यामिनी किती वेगळी दिसते, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि भुवनेश्वरची लाजही वाटली.

"मिस्टर मुळे," शेवटी षण्मुगम साहेब म्हणाले, "ही सगळी माणसं तुम्हाला ओळखतात?"

"हो सर."

"तुमचं ऐकतात?"

"ऐकत असती सर, तर हा समारंभ झालाच नसता."

साहेब पहिल्यांदा हसले. सोमवारी कळवतो म्हणाले आणि फोन बंद झाला. विष्णुपंतांनी लगेच माईक घेतला आणि 'तर गळीत हंगामाच्या त्या पहिल्या दिवशी' असं म्हणून पुढे चालू केलं.

सोमवारी दुपारी मेल आला. मी घरीच बाहेरच्या खोलीत बसलो होतो (कारखान्यातलं टेबल दिवटेकडे होतं). 'आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होत आहे,' एवढी पहिली ओळ वाचली आणि मी किंचाळलो. संस्कृतीला उचलून गोल फिरवलं. गीताबाई धावत आल्या, त्यांनाही जवळजवळ फिरवणार होतो. यामिनीला बँकेत फोन केला. तिने मला ती ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाली, "नक्की ना रे?" मी म्हटलं, "नक्की! लेखी आहे!" तिने त्याच क्षणी प्रमोशनला होकार पाठवून दिला.

नंतर मी मेलची दुसरी ओळ वाचली.

पद होतं शेतकरी सेवा प्रतिनिधी, महाराष्ट्र विभाग. आणि खाली, ठळक अक्षरांत, नेमणुकीचं ठिकाण : नेवासा, जिल्हा अहिल्यानगर.

मी तीनदा वाचलं. मग एचआरच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, मला कोइंबतूरला द्या ना. स्टोअरमध्येच द्या, साधी जागा चालेल. माझी बायको तिकडे येतेय."

मॅडम फार गोड बोलल्या. "सर, स्टोअरच्या कामाबद्दल आम्ही तुम्हाला एकही प्रश्न विचारू शकलो नाही. तुमची निवड झाली ती अख्खा तालुका तुम्हाला ओळखतो म्हणून. कोइंबतूरमध्ये तुम्हाला कोण ओळखतं?"

यामिनी संध्याकाळी पेढे घेऊन आली. मी तिच्यापुढे मोबाईल धरला. तिने वाचलं आणि पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून खाली बसली.

"उद्यापर्यंत मुदत आहे," ती हळूच म्हणाली. "होकार मागे घेता येईल."

तिच्या तोंडून परत 'राहिलं' निघायच्या आत मी एक पेढा उचलून तिच्या तोंडात कोंबला. "काही मागे घ्यायचं नाही. मागच्या वेळी तू माझ्यासाठी नाही म्हणालीस. आता माझी पाळी. आणि मीठ कुठे आहे ते मी डब्यांवर लिहून ठेवीन." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात पेढा असल्यामुळे तिला काही बोलता आलं नाही. मी माझ्या लग्नाच्या तेरा वर्षांत इतकं अचूक टायमिंग कधी साधलं नव्हतं.

अशा रीतीने तमिळनाडूतल्या कंपनीने मला दिलेली नोकरी सोडून मी तमिळनाडूला निघालो. मॅडमनी विचारलं, की तुमच्या जागी कुणी सुचवाल का, अख्ख्या तालुक्याच्या ओळखीचं? मी एकच नाव सांगितलं. कोंडीरामची निवड दहा मिनिटांत झाली. आम्हाला स्टेशनवर सोडायला तो चाळीस माणसं आणि हलगी घेऊन आला होता, आणि मला तेरावी शाल मिळाली.

आता कोइंबतूरला येऊन तीन महिने झाले. यामिनी मॅनेजर आहे, तिला गाडी न्यायला येते. संस्कृती वर्गातल्या मुलींशी तमिळमध्ये भांडते. मी स्वयंपाकात बरी प्रगती केली आहे, आणि मीठ सापडतं. पण माणसाने किती दिवस घरी बसायचं? गेल्या आठवड्यात त्याच पंप कंपनीत स्टोअरची जागा परत निघाली. मी अर्ज केला. या वेळी समोर जाऊन इंटरव्ह्यू दिला, फेट्याशिवाय. षण्मुगम साहेब खूश झाले. म्हणाले, आता फक्त तुमच्याविषयी कुणा ओळखीच्या माणसाकडे चौकशी करायची, ती औपचारिकता राहिली. आमचाच एक माणूस तुमच्या गावात आहे, त्याला विचारतो.

मी घरी येऊन निवांत झोपलो. चार वाजता कोंडीरामचा फोन आला.

"भाऊसाहेब, हेड हापिसचा फोन आल्ता. तुमच्याबद्दल इचारीत हुते, हिंदीतनं."

"अरे वा! मग? काय सांगितलंस?"

"खरं त्येच सांगितलं. म्हनलं, मानूस सोन्यासारखा हाय. कामाला चोख, सोभावानं गरीब, आन येवडं हुनशान पाय जिमिनीवर."

"शाब्बास रे कोंडीराम!"

"मंग त्यांनी इचारलं, टिकतील का? आता भाऊसाहेब, कंपनीचा पगार खातो मी, खोटं कसं बोलू? म्हनलं, साहेब, त्येवडं सोडून काय बी इचारा. पयली नोकरी त्यांनी दुसरी लागायच्या आधीच सोडली, आन दुसरी लागली त्याच दिशी सोडली. तिसरीचं तुमचं तुमी बगा."